कोनं केलं ते आधी सांग

मास्तर, आज कचेरीतल्या नव्या कारकुनानं माझ्यापुढे एक इंग्रजी अर्ज ठेवला. पहिल्याच ओळीत 'मोस्ट हम्बली बेग' वाचलं आणि माझं डोकं फिरलं. त्याला चांगलंच झापलं. झापता झापता लक्षात आलं, आवाज माझा आहे, पण बोलणं सगळं तुमचं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची चिडचिड माझ्या घरात सुखानं नांदते आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, आता सगळे असंच लिहितात." हेच तर तुमचं दुखणं होतं.

तुमच्या वेळी तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, इथे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि अमरावतीत मुंबईचे दलाल, त्यांचे कारकून आणि त्या कारकुनांचं नव्या चालीचं इंग्रजी, सगळंच येऊन उतरलं. तुम्ही एलिचपूरच्या छावणीत एका म्हाताऱ्या पाद्र्याकडून शिकलेले, त्यामुळे तुमचं इंग्रजी साधं, कोरडं. तुमचं वऱ्हाडी ऐकून पुण्याकडची मंडळी गालात हसायची, पण मसुदा अडला की तुमच्याच ओसरीवर यायची. मी माळ्याचा मुलगा, चांगला मिशा फुटलेला, वांग्याचा मळा भावावर टाकून तुमच्यापुढे पाटी घेऊन बसायचो. एकदा मी कापूस 'व्हेरी व्हेरी फाइन' आहे असं लिहिलं. तुम्ही म्हणालात, "एक 'व्हेरी' बिमार हाये म्हनून दुसरा संगं धाडला का?" 'बेग' दिसलं की म्हणायचात, "काहून रे, अर्ज लिहून राहिला का साहेबाचे पाय चेपून राहिला?" पण खरा राग होता तो काम झालंय पण करणारा गायब आहे अशा वाक्यांवर. "कोन्या भुतानं केलं? कोनं केलं ते आधी सांग." तेव्हा वाटायचं, म्हातारा उगाच कीस काढतो.

मग मला अकोल्याला एका साहेबाच्या कापसाच्या आवारात दुभाष्याची नोकरी लागली. त्या हंगामातली एक सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तेल्हाऱ्याकडचा एक शेतकरी उभा आहे. त्याच्या गाडीवरच्या कापसाचं गोणपाट ओलं आहे. वजन वाढवायला कापसावर पाणी मारणारे तेव्हा निघाले होतेच. साहेब लालबुंद. याला फौजदाराकडे द्या, याची गाडी पुन्हा बाजारात दिसता कामा नये. मला म्हणतो, याला विचार काय झालं ते. शेतकरी हात जोडतो आणि म्हणतो, "चुकलं, मायबाप." माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, कारकुनांकडून उचललेलं, छान गुळगुळीत: हा अत्यंत नम्रपणे क्षमेची भीक मागतो. तेवढं बोललो असतो तर त्या माणसाचं नाव कायमचं बुडालं असतं.

तुम्ही आडवे आलात, मास्तर. मी साहेबाकडे न बघता त्याला विचारलं, "काय चुकलं? तू काय केलं?"

तो गोंधळला. "म्या? म्या त काईच नाई केलं. रातच्याले बहिनीच्या घरी थांबलो, तं तिनं निंगताना चाकाले पानी घातलं, वरून हयदीचं पानी शिपडलं. पयली गाडी हाये ना हंगामाची. पन मोठ्या मान्सापुढं उभं राहाचं तं आधी चुकलं म्हनाच लागते."

मी साहेबाला सांगितलं, हळदीचं पाणी याच्या बहिणीनं घातलं. शकुन म्हणून घातलं. आतला कापूस कोरडा आहे, हात घालून बघा. 'काइंडली'सुद्धा म्हटलं नाही. साहेबानं कोपरापर्यंत हात खुपसला. बाहेर आला तो नुसती धूळ आणि कोरडा कापूस घेऊन. साहेबानं गाडी वजनकाट्याकडे न्यायची खूण केली. तो शेतकरी पुढे दर हंगामाला त्याच आवारात ताठ मानेनं यायचा. त्याला पाहिलं की मला तुमची आठवण यायची. मला तुम्ही नुसतं इंग्रजी शिकवलं नव्हतं, हे मला तिथे कळलं.

हेच सांगायला मी दिवाळीत अमरावतीला आलो होतो. तुम्ही अंथरुणाला खिळलेले. काकूंनी ज्वारीच्या कण्या आणि ताक आणून ठेवलं, त्याला तुम्ही हात लावला नाहीत. वर बघत म्हणालात, "सारी जिंदगी लोकाईच्या वाक्यातले खडे येचले म्या. कोनाचं भलं झालं का रे त्यानं?" शेतकऱ्याची हकीगत ओठांवर आली होती. पण काकू बसलेल्या, सांगितलं तर आपलीच बढाई वाटेल, असं काहीतरी वाटून मी म्हटलं, "झालं ना, मास्तर. माही नोकरी टिकली." तुम्ही "बरं" म्हणालात आणि कूस बदललीत. बाकीचं पुढच्या खेपेला सांगू म्हणून मी उठलो. पुढची खेप तुमच्या तेराव्याला झाली.

हे पत्र टाकायचं कुठे, ते मला ठाऊक नाही. नोकरी टिकली हे खोटं नव्हतं. पण तुम्ही विचारलंत कोणाचं भलं झालं, आणि मी माझंच नाव सांगितलं.