माझ्या खाटेखालचा समुद्र

ती. ताईस,

दगड फोडून काळ्या झालेल्या हातांनी धाकट्याचा नमस्कार. तुझी कंबर, भावोजींचा गुडघा आणि तुम्हा दोघांचा अबोला, तिन्हींना उतार असेल अशी आशा आहे. आईची खोली लेकीच्या अभ्यासासाठी रिकामी करू का, हे तू तीन पत्रांत विचारलंस. सांगतो. आधी माझी फजिती ऐक.

माझं काम तुला ठाऊक आहेच (नसलं तरी लोकांना 'दगडांचा डॉक्टर' म्हणून सांगतेस, ते बंद कर). जुन्या समुद्रतळाचा दगड आम्ही आम्लात विरघळवतो. दगड जातो आणि त्यात अडकलेला लाकडाचा भुगा, परागकण, कुजकं शेवाळ तेवढं उरतं. ते काचेवर घेऊन मोजायचं. लाकूड भरपूर, तर किनारा जवळ. नुसता बिनआकाराचा लगदा, तर पाणी खोल आणि थांबलेलं, तळाशी हवा नाही. हवा नाही म्हणून किडामुंगी नाही, आणि ढवळायला कुणी नाही म्हणून सगळं जागच्या जागी टिकतं.

यंदा माझ्या काचांवर आजकालची धूळ दिसू लागली. ती माझ्याच कपड्यांतून येते, असा प्रयोगशाळेतल्या बाईंचा आरोप. (बाई तुझ्याच पंथातल्या, हातात फडकं नसलं की कासावीस होतात.) शहानिशा करायला मी एक चिकट काच महिनाभर माझ्या खाटेखाली ठेवली. आता, मोजणाऱ्याचं मन कलू नये म्हणून आमच्याकडे काचेवरचं नाव कागदाने झाकतात. पुढचं तू ओळखलंस. ती काच दगडाच्या काचांत मिसळून थेट सरांच्या हाती गेली.

सरांचा मोतीबिंदू पिकलाय, पण कबूल कोण करणार? सगळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी निकाल दिला: किनारा फार लांब, पाणी साचलेलं, तळ कुणी ढवळलेला नाही, वस्ती एकाच प्राण्याची आणि तोही फारसा हलत नसावा. मी मान डोलावत लिहून घेत होतो. तेवढ्यात बाईंनी डोकावून विचारलं, "सर, हा धागा टेरिकॉटचा नाही का?" कागद सोलला, तर खाली माझ्याच अक्षरात माझ्या खोलीचा नंबर.

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. सर बिचारे ओशाळले. पण ताई, त्यांचं काही चुकलं नव्हतं. आई गेल्यापासून, दीड वर्षात, या खोलीत माझ्याशिवाय कुणी पाऊल टाकलेलं नाही. केस माझे, धागे माझे, बिस्किटाचा चुरा माझा. मला फार एकटं वाटतं गं. फोनवर हे सांगायला जावं, तर तू लगेच "जेवलास का?" विचारतेस आणि मी "हो" म्हणतो.

भावोजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
दगडोबा

ता. क. खोली खुशाल रिकामी कर. कपाट, पलंग, सगळं देऊन टाक. फक्त आईच्या खिडकीवरच्या फळीवरची धूळ पुसू नकोस. येत्या रविवारी मी येतोय, चिकट काच घेऊन. तपासणार नाही, नुसती जवळ ठेवीन.

ता. क. २. तू ती केव्हाच पुसली असशील, तुला मी ओळखून आहे. तसं असेल तर बोलू नकोस. माळ्यावरची थोडी आणून तिथे पसरून ठेव. मला फरक कळेल, पण मी विचारणार नाही.