चकलांब्यातला पाहुणचार

४ मे
पुण्यातली एसीमधली इंटर्नशिप संपली. आता शेवटचा टप्पा, समाजसेवा. चकलांब्याच्या शाळेत उन्हाळी सुट्टीत मुलींना कॉम्प्युटर शिकवायचा. वर्ग नीट चालला तर कंपनीत पक्की नोकरी, असं आमच्या बॉस योगिता मॅडमनी सांगितलंय. म्हणजे मिळालीच. इथे दुसरं आहे कोण?

मुक्काम माजी सरपंच शहादेवरावांच्या बंगल्यात. जेवताना त्यांनी आडनाव विचारलं, मग मामाचं गाव, मग जमीन. याला कम्युनिटी एंगेजमेंट म्हणतात. मी सगळं मोकळेपणाने सांगितलं. मामांची विहीरसुद्धा.

५ मे, दुपार
सातला शाळेत पोचायचा संकल्प होता. निघालोही. शहादेवरावांच्या पत्नी मुक्ताकाकू म्हणाल्या, न्याहारी करून जावा. मग म्हणाल्या, आता लई ऊन हाय. मग शहादेवराव म्हणाले, पाव्हणे यायलेत, तुमालाच भेटायचंय. बसलो. पाहुण्यांनी माझी उंची विचारली. प्रोजेक्टबद्दल काही नाही, पण इंटरेस्ट दिसला.

शाळेची किल्ली शिवकन्याकडे दिली. ही शहादेवरावांची मुलगी, बीडला बीसीए करते, सुट्टीत घरी आलीय. फक्त खोली उघडून ठेव म्हटलं होतं. तिने वर्गच घेतला. असो.

८ मे
रोज नवे पाहुणे. आज एका काकांनी जन्मवेळ विचारली. डेटा कलेक्शनची समज गावातही आहे! नोकरीचं विचारलं, तेव्हा ठरल्यातच जमा असं सांगून टाकलं.
बूट सापडेनात. काकूंनी धुऊन वाळत घातलेत.

११ मे
आमरस. कालही आमरस. वाटी पालथी घातली तर काकू रुसतात. पोट तट्ट, जीव कोंडल्यासारखा. पण लीडरला कामं वाटून देता आली पाहिजेत. शिवकन्या वर्ग घेते, मी गच्चीवरून देखरेख करतो. गच्चीवरून शाळा दिसत नाही. दिशा दिसते.

१३ मे
आज मागच्या दाराने सटकलो. घरातल्या चपला घालून मारुतीच्या पारापर्यंत पोचलो. पारावरचे गहिनीनाथ म्हणाले, शहादेवरावांचे पाव्हणे असे पायी का म्हणून हिंडतेत? लगेच मोटारसायकलवर बसवून बंगल्यावर परत आणून सोडलं. काकूंनी दारातच सरबत दिलं. मला रडू आलं. उन्हाचा परिणाम असावा.

१७ मे
योगिता मॅडम तपासणीला आल्या. मी आमरसामुळे उशिरा पोचलो. वर्ग खच्चून भरलेला. एका मुलीने शिवकन्याताईला विचारलं, हे सर नवीन आलेत का? मॅडम हसल्या. मी विनयाने मागच्या बाकावर जाऊन बसलो.
संध्याकाळी मॅडमचा फोन आला. नोकरी शिवकन्याला. कंपनी तिचं कॉलेज संपेपर्यंत थांबणार आहे.
मला सर्टिफिकेट.

१८ मे
सकाळी शहादेवरावांनी जवळ बसवलं, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, राग मानू नका. तुमचं घर चांगलं हाय, मामाकूळ बी चांगलं हाय. पण ही सोयरीक जमायची न्हाई.
कुठली सोयरीक?
म्हणाले, पाव्हण्यांना बी तुमी पसंत होता. पण आमची पोरगी न्हाई म्हणती. पोरगं दिसभर घरातच बसून ऱ्हातंय म्हणती.
बसवलं कोणी, हे विचारणार होतो. तेवढ्यात काकूंनी प्रवासासाठी दशम्या आणून दिल्या.
मी मागणी घातलीच नव्हती. मला इतक्यात लग्नही करायचं नाही. तरी नकार मिळालाय, आणि फार वाईट वाटतंय.
आईला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं. शहादेवरावांनी तिला कालच फोन केलाय.