सरकारला उसना दिलेला बंब

राजाजीनगर, बंगळूर
१६ जानेवारी १९९७

चि. वासुदेव यास अक्काचे आशीर्वाद. प्रेमाला आणि शार्दूललाही.

वासू, तू, मी आणि आपल्या वस्तीतली सगळी माणसं एकाच दुःखाची भागीदार आहोत. आपल्या घरातली लेकरं सरकारी प्रसूतिगृहात जन्मली आणि त्यांच्या पहिल्या अंघोळीचं पाणी आपण घरून नेलं. किटलीतून, कळशीतून, शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या थर्मासमधून. दवाखान्यात गरम पाणी मागितलं की खिडकीतून एकच उत्तर यायचं, "नाळे बन्नी." उद्या या. बाळ उद्यापर्यंत न्हायचं थांबतं का? शार्दूलच्या वेळी तू सायकलच्या हँडलला कळशी बांधून आला होतास आणि निम्मं पाणी तुझ्याच पायावर सांडलं होतं.

बघ, पत्राची सुरुवातच भाषणासारखी झाली. खोडत नाही. चाळीस वर्षांची सवय आहे.

संक्रांत बरी झाली. तिळाच्या वड्या वेगळ्या डब्यात पाठवल्या आहेत. प्रेमाला त्या कडक वाटतील. वाटू देत, मी अशाच करते. माझी तब्येत ठीक आहे. छापखान्यातून निवृत्त होऊन आठ महिने झाले, पण अजून वर्तमानपत्र हातात घेतलं की पेन्सिल शोधते. वाचनालयातून आठवड्याला तीन पुस्तकं आणते. तुझ्याकडे एक काम आहे, ते शेवटी सांगते. आधी बातमी.

प्रसूतिगृहाच्या गच्चीवर उन्हाचा बंब बसला.

होय, तोच. काळ्या काचपेट्या, वर आडवी टाकी, दक्षिणेकडे तोंड. तू कागदावर काढला होतास, जवळजवळ तसाच. बावीस डिसेंबरपासून चालू आहे. दुपारी बाराला नळ सोडला की हात धरवत नाही इतकं पाणी तापतं, आणि पहाटे पाचलासुद्धा कोमट म्हणता येणार नाही, गरमच म्हणावं लागतं. पहिल्या दिवशी मल्लाप्पाच्या सुनेची मुलगी त्या पाण्यानं न्हाली. पोरगी रडलीच नाही. आयाच घाबरली आणि तिला चिमटा काढून रडवून बघितलं! मी नळाजवळ उभी होते. वासू, मी कितीतरी सभा जिंकल्या असतील, पण त्या दिवशी नळातून वाफ निघाली तेव्हा जे वाटलं, ते कुठल्या सभेत वाटलं नव्हतं.

तो तिथं राहणार की खाली उतरवावा लागणार, हे मात्र पंधरा दिवसांत ठरायचं आहे. ते कसं, ते सांगते.

तुला ठाऊक आहे, सरकारी छपरावर सरकारचाच पैसा लागला पाहिजे, हे माझं म्हणणं. आजही आहे. लोकांनी खिशातून काही बसवलं की सरकारला सुटका मिळते. आज पाणी तुम्ही तापवलंत, उद्या टाके घालायचा दोरा तुम्हालाच आणायला सांगतील. चौऱ्याण्णवच्या गणेशोत्सवात मी हेच बोलले. त्यानंतर नुसती बोलत बसले नाही, हेही लिहून ठेव. तेवीस अर्ज केले. चार वेळा बायकांना घेऊन मोठ्या साहेबांच्या दारात बसले. गेल्या वर्षी मंजुरी आलीसुद्धा. कधी आली? सत्तावीस मार्चला. एकतीसला वर्ष संपलं आणि पैसा आला तसा परत गेला. कारकून म्हणाला, "अम्मा, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून अर्ज करा." मी त्याला तिथंच अर्धा तास सुनावलं. तो ऐकून घेत होता आणि मधूनच घड्याळ बघत होता.

मग मी ठरवलं, मोठं धरणं धरायचं. धरण्याला एक चेहरा लागतो. तिथली आया कावेरी तुला आठवत असेल, मागच्या अंगणात चुलीवर पाणी तापवून हंडा वॉर्डात नेणारी. पंच्याण्णवच्या डिसेंबरात ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला आणि उकळत्या पाण्याचा हंडा उजव्या हातावर आला. मनगटापासून कोपरापर्यंत. तुला हे कोणी कळवलं नसेल. मीही कळवलं नाही.

जूनमध्ये तिच्या घरी गेले. ती दारात बसून शेंगा सोलत होती, डाव्या हातानं. मला बघून उठली नाही.

"येनक्का," म्हणाली, "माझा हात बघायला आलात, की दाखवायला न्यायला आलात?"

मी म्हटलं, "कावेरी, हा हात लोकांनी बघितला पाहिजे. सरकारनं बघितला पाहिजे."

"सरी. न्या. पण तुमच्या त्या गणपतीतल्या भाषणाला मी आले होते. पुढंच बसले होते. टाळ्या ह्याच हातानं वाजवल्या." शेंग सोलतच बोलत होती. "दुसऱ्या दिवशी वासूअण्णांकडे जाऊन बंबाच्या वर्गणीचे माझे वीस रुपये परत मागून आणले. अण्णांनी लगेच देऊन टाकले. तेही सांगा तुमच्या भाषणात."

वासू, एवढी पुस्तकं वाचली, एकातही त्याचं उत्तर नव्हतं.

घरी येऊन मी स्वतःला समजावलं की माझं तत्त्व बरोबर होतं, फक्त वेळ चुकली. तुला पत्रात असंच लिहायचं ठरवलं होतं. दोन कागद तसे लिहिलेही. मग फाडले, कारण ते खरं नाही. खरं काय, ते तुला आणि मलाच माहीत आहे.

त्या संध्याकाळी बोलायची पाळी तुझी होती. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नव्हतं. तू सव्वाशे घरं फिरून वर्गणी जमवली होतीस, नळाचा नकाशा काढला होतास, आणि जन्मात पहिल्यांदा माईकसमोर उभा राहिला होतास. हातात चिठ्ठी होती. पहिल्या दोन वाक्यांत तू अडखळलास. तरी लोक ऐकत होते. मागची पोरंसुद्धा गप्प होती. लोक आवाजासाठी ऐकत नव्हते, तुझ्यावरच्या विश्वासानं ऐकत होते. आणि मी, तुझी मोठी बहीण, पुढे झाले, "एक मिनिट हं, वासू" म्हटलं आणि माईक घेतला. ते एक मिनिट पाऊण तास चाललं.

तत्त्व होतंच रे. पण माईक घेतला तो तत्त्वानं नाही. आपल्या वस्तीत माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं लोक इतक्या शांतपणे ऐकतात, हे मला सोसलं नाही. मी बोलत असताना तू चिठ्ठी घडी करून खिशात ठेवलीस, ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं. बोलणं थांबवलं नाही.

आठवडाभर तू दारोदार फिरून पैसे परत केलेस आणि दसऱ्यानंतर होसकोट्याला खोली घेतलीस. मी सगळ्यांना सांगत आले, कारखाना जवळ पडतो म्हणून गेला. कोणी विश्वास ठेवला नाही, पण तोंडावर कोणी बोललंही नाही.

तर कावेरीकडे पुन्हा गेले. या वेळी हात मागायला गेले नाही. म्हटलं, माझ्या निवृत्तीच्या पैशातून बंब बसवते. ती हसली. "आणि तुमच्या तत्त्वाचं काय करायचं?" मी म्हटलं, तेच तर कळत नाही. दान केलं तर सरकार सुटलं. शिवाय दान घ्यायलाही खातं तयार नाही. मी विचारून आले होते. दान घेतलं की दुरुस्ती त्यांच्या गळ्यात पडते, म्हणून ते नकोच म्हणतात.

कावेरी म्हणाली, "शेजारणीच्या घरी कार्य असलं की आपण तिला हंडा देतो. दान करतो का? उसना देतो. तिनं स्वतःचा घेतला की परत आणतो."

ही बाई चौथी शिकलेली आहे, वासू. माझ्या डोक्यात तेवीस अर्ज लिहिताना हे आलं नव्हतं.

आम्ही एकतीस बायकांनी मिळून बंब घेतला. मोठा वाटा माझा, बाकीच्यांनी जमेल तसं दिलं. कावेरीनं पुन्हा वीस रुपये दिले आणि माझ्याकडून पावती मागून घेतली. बंबाच्या मालकिणी आम्ही. सरकारला तो उसना दिलाय. दर जानेवारीत दवाखान्याच्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सही करायची, की गरम पाण्याची सोय सरकारकडे नसल्यामुळे बंब बायकांकडून उसना घेतला आहे, सरकारनं स्वतःचा बसवला की परत करू. दरवर्षी सही, दरवर्षी कबुली. तत्त्वही राहिलं आणि पाणीही तापलं.

तिथले डॉ. हयवदन भला माणूस. कागद वाचून कपाळाला हात लावला. "अम्मा, आजवर सरकारला लोक शिव्या देत आले. उसनं कोणी दिलं नव्हतं. भाडं किती?"

"वर्षाला एक रुपया."

"एक रुपया मंजूर करून घ्यायला मला तीन वर्षं लागतील. मी खिशातून देतो, स्वल्प सांभाळून घ्या." आणि लगेच रुपया काढून टेबलावर ठेवला. "पण छताला एक बोल्टसुद्धा लावायचा नाही. खिळा मारलात तर वस्तू सरकारी इमारतीची झाली. मग ती उसनी राहत नाही."

म्हणून बंब बोल्टवर नाही, वजनावर उभा आहे. त्याच्या लोखंडी चौकटीच्या चारी पायांवर दगडी लाद्या रचल्या आहेत. कावेरीच्या नवऱ्यानं आणि मल्लाप्पानं वाहून नेल्या. तुझ्या नकाशात बोल्ट होते, एवढाच काय तो बदल.

आता अडचण. डॉक्टरांची एकतीस तारखेला बदली आहे. त्यांनी बंब तात्पुरता चालवून बघायला परवानगी दिली, पक्का कागद अजून व्हायचा आहे. त्यांचं म्हणणं असं, की खातं याला हात लावणार नाही, तेव्हा देखभाल करणाऱ्या जाणत्या माणसाची सही उसनं देणाऱ्यांत पहिली पाहिजे. "तुम्ही नका करू अम्मा," म्हणाले, "तुम्हाला नळ दुरुस्त करताना मी पाहिलेलं नाही, फक्त नळावर बोलताना पाहिलंय." अशी सही नसेल तर ते जाण्याआधी बंब उतरवावा लागेल. नवीन साहेब तोंडी व्यवहार मानणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

बायका म्हणाल्या, बाजारातून एखादा फिटर आणू. मी नको म्हटलं. गरम पाण्याच्या नळाच्या दुसऱ्या सांध्यातून ठिबकतंय. दोन फिटर येऊन गेले, दोघांनी चिंधी गुंडाळली आणि चहा पिऊन गेले. तू तीस वर्षं नळ जोडतोयस. पण तेवढंच कारण नाही. बंबाची कल्पना तुझी, घरं तू फिरलास, आणि लोकांचा विश्वास बसला होता तो तुझ्यावर. दोन हिवाळे आधी हे पाणी तापलं असतं. कावेरीचा हात धड राहिला असता. ते मी अडवलं. ही चूक सरकारची नाही, खात्याची नाही, माझी आहे. कावेरीला मी हे तिच्या दारात बसून सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी तर टाळ्या वाजवल्या. ज्यांचा माईक घेतलात त्यांना सांगा." म्हणून हे पत्र.

फोन करणार होते. पण फोनवर मी बोलतच राहते, आणि तुला ठेवून द्यायलाही सोपं जातं. कागदावर निदान तुला हवं तिथं थांबता येईल.

सव्वीस जानेवारी या वेळी रविवारी आली आहे. तुला सुट्टी. प्रसूतिगृहाच्या अंगणात सकाळी आठला झेंडावंदन आहे, नंतर डॉक्टर तिथंच सगळ्यांसमोर कागदावर सही करणार. एकतीसही जणी येतील. डॉक्टरांनी मला भाषणाला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. त्या दिवशी अंगणात कोणी बोलायचं असेल तर ते तू ठरव. तुला बोलायचं नसेल तर कोणीच बोलणार नाही. मी मागे, बायकांत उभी असेन. पहिली ओळ कोरी ठेवली आहे.

वासू, रविवारी सव्वीसला, आठच्या आत ये आणि त्या पहिल्या ओळीवर सही कर.

तुझ्या खालच्या ओळीवर सही करायला थांबलेली,
अक्का