अक्कांच्या बाटलीतले थेंब

अक्का,

आज डोळ्यांच्या डॉक्टरणीपुढे मी तुमचं नाव घेतलं. शेजारी तुमची लेक मालती बसली होती, तिच्यादेखत. दुसरं कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी मीच कळवते. चौथीपर्यंतची माझी शाळा, त्यात डोळ्यांपुढे धुकं. ओळी वरखाली गेल्या तर चालवून घ्या.

गुरुवारी माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. उजवा जवळजवळ गेला, हे तुम्ही पाहिलंत. कशाने गेला ते मी तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगते.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंबांची बाटली मिळाली होती, आठवतं? दीड महिना घालून झाली तरी तळाशी उरलीच. आपल्या घरात औषध कधी फेकलंय का? माझ्या गुडघ्याचं मलम भावोजींच्या पाठीला, मालतीच्या खोकल्याचं माझ्या विजयला. एकाला दिलेलं औषध सगळ्या घराला. जावा-जावांनी एका चुलीवर चाळीस वर्षं काढली, मग बाटली काय वेगळी ठेवायची?

मला काचबिंदू आधीपासूनच होता. त्याचे रात्रीचे थेंब झोंबायचे, डोळे लाल व्हायचे. तुम्ही म्हणालात, "इंदू, टाक ते. डोळे फुटायची औषधं ती. माझे घाल, गार आहेत."

आणि मी ऐकलं. का नाही ऐकणार? मिरजेहून या गावात आले तेव्हा मला तमिळचं अक्षर येत नव्हतं. भाजीवालीशी भांडायचं कसं, बसमध्ये जागा मागायची कशी, सगळं तुम्ही शिकवलंत. तुम्ही सांगितलेलं एकदाही चुकलं नव्हतं. चुकलं ते नेमकं इथे.

दुपारचा चहा झाला की तुम्ही भिंतीला टेकून बसायच्या आणि मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवायची. आईच्या मांडीवरही कधी फार लोळले नव्हते मी. एक थेंब इकडे, एक तिकडे, वर पदराने गाल पुसणं. बाटली संपली की रिकामं खोकं घेऊन तुम्हीच औषधाच्या दुकानात जायच्या. तो चिठ्ठी मागायचा नाही, तुम्ही दाखवायच्या नाहीत. डोळे कसे पांढरेशुभ्र झाले. आपण दोघी खूश. आत काय चाललंय ते दुखतच नव्हतं, तर कळणार कसं?

मग रस्ता ओलांडताना उजवीकडून रिक्षा आली ती मला दिसलीच नाही. धडकली नाही, पण रिक्षावाल्याने माझा उद्धार केला. मीही त्याचा केला, तुम्ही शिकवलेल्या तमिळमध्ये.

डॉक्टरणीने सगळ्या बाटल्या घेऊन बोलावलं. तुमची बाटली हातात धरून विचारलं, पाट्टी, ही कोणी दिली? इथे सगळ्या म्हाताऱ्या पाट्टीच, तशी मीही. ती म्हणाली, यात स्टेरॉइड आहे. काही जणांच्या डोळ्यांतलं प्रेशर याने चढतं, मोतीबिंदू लवकर पिकतो. आणि काचबिंदूचे थेंब बंद केलेत म्हणजे चोराला दार उघडून दिलंत. मोतीबिंदू काढता येईल, पण काचबिंदूने खाल्लेली नजर परत येत नाही.

तेव्हा शेजारी माझी सूनबाई, विजयची बायको होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी ठोकून दिलं, दुकानदाराने दिली, आठ-दहा दिवस घातली.

त्या दिवसापासून दुपारी मी तुमच्याजवळ आले नाही. तुम्ही बाटली घेऊन बसायच्या, मी कपडे वाळत घालायला वर जायची. तुम्ही विचारायच्या, इंदू, काय झालं गं? मी म्हणायची, काही नाही. मला वाटलं, कळलं तर तुम्ही अन्न सोडाल. हे खरं. पण पुरतं खरं नाही. मला तुमचा रागही आला होता. दारात खांदा आपटला की यायचा, ताटातली उजवीकडची भाजी दिसली नाही की यायचा. सगळ्या गल्लीला तोंडावर बोलणारी मी, तुम्हाला तेवढं बोलले नाही. मग पोंगलच्या आधी तुम्ही गेलात.

तुम्हीही एकदा तरी डॉक्टरला विचारायचं होतंत, अक्का. आणि मी माझे थेंब सोडण्याआधी विचारायचं होतं. माझा डोळा होता तो, तुमचा नव्हे.

आज डॉक्टरीण म्हणाली, ऑपरेशननंतर सूज उतरायला तसलेच थेंब द्यावे लागतात, दीड महिना. म्हणून नीट आठवून सांगा, तेव्हा किती दिवस घातले होते?

मी मालतीकडे पाहिलं. खोटं बोलले तर तुमचं नाव राहतं, डावा डोळा जातो. म्हटलं, अकरा महिने. रोज. माझी जाऊ घालायची.

डॉक्टरीण रागावली नाही. लिहून घेतलं. म्हणाली, हे सांगितलंत ते बरं केलंत, नाहीतर मी सगळ्यांसारखंच औषध दिलं असतं. आता प्रेशर कमी चढवणारे देईन, थोडे दिवस, आणि चौथ्याच दिवशी तपासायला बोलावीन. रात्रीचे थेंब मात्र चुकवायचे नाहीत.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. मला वाटलं, आता ही माझं तोंड पाहणार नाही. मालती म्हणाली, "काकू, आई शेवटपर्यंत मला विचारायची, इंदू माझ्यावर का रुसली? मी काय उत्तर द्यायचं होतं?"

अक्का, उजवा डोळा गेला तेव्हा मी रडले नाही. तिथेही रडले नाही. पण मालतीने रिक्षा बोलावली तरी मला उठवेना.

डॉक्टरणीने आणखी एक सांगितलं. काचबिंदू रक्तातून उतरतो, मुलांना दाखवा. विजय म्हणतो, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून सुटी मिळत नाही. मी म्हटलं, आंधळा झालास की मिळेल. रविवारी तो येतोय.

आता तुम्हाला वचन देते. पट्टी सुटली की मालती आधी विचारील, काकू, दिसतं का? जेवढं दिसेल तेवढंच सांगीन. कमी दिसलं तर कमी सांगीन, तिला बरं वाटावं म्हणून वाढवणार नाही. आणि कुणावर राग आला तर कपडे वाळत घालायला जाणार नाही, तिथेच बसून बोलेन.

तुमची धाकटी जाऊ,
इंदू