अंबूची तिरकी मान

२८ सप्टेंबर
नात अंबू पाच वर्षांची झाली तरी मान तिरकी करूनच बघते. लाडाचा परिणाम. सून वनजा म्हणते, डाव्या डोळ्याचं काहीतरी आहे, सुम्ने, सहज म्हणून, एकदा डॉक्टरांना दाखवू. साफ नाही म्हटलं. माझे सासरे म्हैसूरच्या घोडदळात होते. या घरात चष्मा नाही. माझा आहे तो वाचायचा, बी.ए.मुळे.
निश्चय : दसऱ्याच्या आत मान सरळ करणे.

३० सप्टेंबर, सकाळ
हनुवटी धरून मान सरळ केली. सोडली की तिरकी. टीव्ही बंद. गाजर सुरू.

१ ऑक्टोबर
गाजरं मनोहरने खाल्ली. मुलगा माझाच, बोलणार कुणाला?

५ ऑक्टोबर
दरवर्षीसारख्या दसऱ्याच्या बाहुल्या लाकडी पायऱ्यांवर मांडल्या. वरच्या पायरीवर राजा-राणी, खाली वाणसामान विकणारे शेट्टी-शेट्टीण, मग बँडवाले. सासूबाईंपासून हाच क्रम. अंबूकडून पाठ करून घेतला.

१० ऑक्टोबर
वनजाने मला न विचारता डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. मग मीच रीतसर परीक्षा घेतली. अंबूचा उजवा डोळा झाकून तिला बाहुल्यांसमोर उभं केलं. राजा, राणी, शेट्टी, शेट्टीण, बँडवाले. एक चूक नाही. फोन करून अपॉइंटमेंट रद्द केली.

१४ ऑक्टोबर, विजयादशमी
आरतीनंतर रीतीप्रमाणे राजा-राणीला उचलून पेटीत निजवलं. मनोहरलाही परीक्षा दाखवावी म्हणून अंबूचा उजवा डोळा झाकला. ती म्हणाली, "राजा, राणी, शेट्टी…"
वरची पायरी रिकामी होती.
नीट बघ, म्हटलं. ती पुढे वाकली. "आजी, सगळ्यांची तोंडं कुणी पुसली?"
वनजा आत निघून गेली. उजेड कमी असावा.

१७ ऑक्टोबर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चष्मा लागेल, आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी, म्हणजे डावा कामाला लागेल. किती सुधारेल, सांगता येत नाही. आधी आणायला हवी होती. मान कधीपासून तिरकी, असं विचारलं. मी म्हटलं, दसऱ्यापासून.
वनजा म्हणाली, "दोन वर्षं."

१८ ऑक्टोबर
चष्मा यायचाय. पट्टी मीच लावणार, शिस्तीत. निश्चय : मानेविषयी एक अक्षर बोलायचं नाही.

संध्याकाळ
अंबू पट्टी लावून बसली होती. मी दारात उभी राहिले, काही न बोलता. तिने मान तिरकी केली, बराच वेळ बघत राहिली. "कोण? अम्मा?"
तोंडातून निघालंच, मान सरळ कर.
"आजी," ती म्हणाली.