पूजा केलेली माती

कॅन्सस, अमेरिका
मार्च १९६१

तीर्थरूप मायले पुंजारामचा बर्फातून दंडवत.

दादानं धाडलेली आपल्या वावराची माती भेटली! सर म्हणाले, याच काळ्या मातीवर एमेस्सीचं संशोधन कर. पण चाळणीत पिवळे कण निघाले अन् सारे भिंग लावून बसले. मंग एक तांदूळ सापडला, तवा मले समजलं. माय, पुडी बांधायच्या आधी तू मातीची पूजा केली काय वं? मी इतका हसलो का सर घाबरले!

आता दुसरी पुडी धाडा, पण तिले हळद-अक्षता वाहू नको. थंडी सोसते, जेवण जमते. दादाची सिंधू शाळेत जाते ना?

हळदीची माती मी फेकली नाही. उशाशी ठेवली हाये. तिच्या वासानं झोप येते.

तुहा
पुंजाराम