शाळेच्या अंगणातले इंग्रजी खेडे

नांदगाव खंडेश्वराजवळून,
भाद्रपद, १९५९

ती. मामांना (लग्न झाल्यापासून मामा म्हणावे की सासरे, हे जिभेला अजून ठरवता आलेले नाही) शालिकरामाचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे, मामींचा दमा आणि मोर्शीच्या बागेतली संत्री यांची प्रकृती कळवावी. सुभद्रा बरी असेलच, कारण ती आपल्याकडे आहे. माझ्या प्रकृतीबद्दल न लिहिलेले बरे.

जावई शाळेच्या वऱ्हांड्यात पथारी टाकतो तोवर पोरगी नांदायला येणार नाही, मोर्शीला बदली करून घ्या आणि घेऊन जा, ही आपली अट मी विसरलेलो नाही. म्हणूनच शिक्षणखात्याचे डिप्टी साहेब शाळेच्या तपासणीला येणार असे कळताच मी कंबर कसली. इतिहासाच्या पुस्तकात जुन्या काळच्या इंग्रजी खेड्याचा धडा आहे. तो मुलांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा ते खेडे मी शाळेच्या अंगणात काळ्या मातीचे उभारायला घेतले. चर्च, जमीनदाराची हवेली, पाणचक्की, गायरान, मधोमध विहीर आणि भोवती तीन मोठी वावरे. साहेब खूश होतील, बदली होईल, सुभद्रा येईल, असा माझा सरळ हिशेब होता. (आपली काळी माती वाळली की भेगाळते, हे मी वऱ्हाडात जन्मून विसरलो. चर्च दुसऱ्याच दिवशी दुभंगले.)

पण मातीचे काय, माणसांनी माझा घात केला. गावकरी बघायला आले आणि बघून परत जायचे सोडून तिथेच वसायला लागले. आमचे पाटील खुशालराव यांनी पहिला आक्षेप घेतला, "गुरुजी, वेशीवर मारुती कावून नाई? रातच्याले ह्या गावाची राखन कोन करते?" मी इंग्लंड, थंडी, ख्रिस्ती धर्म वगैरे बरेच बोललो. दुसऱ्या दिवशी वेशीवर शेंदूर लावलेला गोटा होता. इंग्लंडात दरसाल एक वावर पडीक ठेवत, हे ऐकून लोक त्या इंग्रजांना आळशी म्हणाले. प्रत्येकाची जमीन तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असे आणि बांधावरून कज्जे चालत, हे ऐकल्यावर मात्र सगळ्यांना ते गाव एकदम आपले वाटले. झाले! जो तो आपल्या घराला जागा धरू लागला. हवेली अर्थातच खुशालरावांनी घेतली. तान्ह्या पोळ्याला पोरांनी आपले लाकडी नंदी त्या गायरानात नेऊन उभे केले आणि दुभंगलेल्या चर्चला आंब्याचे तोरण बांधले. मी कपाळाला हात लावून वऱ्हांड्यात बसलो.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण रस्त्याच्या कामावर मुकादम असलेला देवमन आला आणि त्याने शांतपणे विचारले, "गुरुजी, ह्या गावात गावाबाहेरची वस्ती कुठं हाय? आन ही विहीर कोनाची?" पुस्तकात तशी वस्ती नव्हती. मी म्हटले, विहीर सगळ्यांची. मग देवमनने मातीचे एक घर केले आणि विहिरीला अगदी लागून ठेवले. खुशालरावांनी मला बाजूला घेऊन बजावले की साहेब यायच्या आत ते घर उचला. मी मान डोलावली, पण माझा हात उठेना. मामा, त्या घराला त्याने इवलीशी खिडकीसुद्धा केली होती. मला खरोखर वाईट वाटले.

साहेब आले. तोरण पाहिले, शेंदूर पाहिला, नंदी पाहिले. मी मनातल्या मनात मोर्शीला रामराम केला. मग त्यांची काठी विहिरीपाशी थांबली. हे घर कोणाचे? देवमन पुढे होऊन म्हणाला, "माह्यं हाय, साहेब." साहेबांनी पाटलांकडे पाहिले. चारचौघांत पाटील काय बोलणार? घाम पुसत म्हणाले, "हो जी, आमच्या गावचाच मानूस हाय." साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. आजवर खुशालरावांची पाठ कोणा साहेबाने थोपटलेली नव्हती. ते इतके फुगले की तिथल्या तिथे म्हणाले, "असा मास्तर आमी सोडत नसतो!" साहेबांनीही होकार दिला. माझी बदली अशी माझ्या डोळ्यांदेखत, टाळ्यांच्या कडकडाटात बुडाली. गावची खरी विहीर आहे तशीच आहे, आणि तिच्यावरचे नियमही. मातीच्या विहिरीने माझे मात्र वाटोळे केले. आता काय लिहू?

मामींना नमस्कार. थोरामोठ्यांचा आशीर्वाद असू द्यावा, नाहीतरी दुसरे काही उरलेले नाही.

आपला,
शालिकराम

ता. क. बदलीसाठी आपण कोणाला भेटू नये. खुशालराव मोडता घालतील. आणि खरे सांगायचे तर मलाही आता तितकी घाई नाही.

आणखी ता. क. देवमनने गावाबाहेर पक्के घर बांधले आहे. त्यातली वेगळ्या दाराची खोली तो मला देतो आहे. त्याच्या घरचे सगळे छप्पन साली बौद्ध झाले, हे आपल्याला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. मी हो म्हटले आहे. पत्र याचसाठी लिहायला घेतले होते, वरची सगळी रडकथा धीर गोळा करण्यात गेली.

शेवटचा ता. क. सुभद्रेला हे आधीच कळवले होते. तिने एकच विचारले, पाणी कुठले? देवमनच्या अंगणातल्या विहिरीचे, आणि गोड आहे, असे मी सांगितले. ती सोमवारच्या मोटारीने निघते आहे. मामींनी ट्रंक भरून ठेवली आहे, आपल्याला सांगायचे तेवढे माझ्यावर सोपवले. मोटारीपर्यंत तिला पोचवायला आपण स्वतः जावे, एवढीच विनंती.